नंबर लागला, आता?

“नाव काय गं तुझं?” मी मुलीला विचारलं आणि उत्तर वडिलांनी दिलं.

“सीईटीला पर्सेंटाइल?” पुन्हा वडील, तेही दशांशचिन्हापुढच्या सगळ्या आकड्यांसकट. मुलगी त्यांच्या अर्धं पाऊल मागं उभी. हातात पासपोर्ट फोटोंचं छोटं पाकीट, ते ती सारखं उघडत होती, मिटत होती. मग मी विचारलं, “ऑप्शन फॉर्मला पहिली पसंती काय टाकली होती?” इथं वडील अडखळले. फाइल पुढून मागं चाळली, मागून पुढं चाळली. “ते नेटकॅफेवाल्यानं भरलंय, मॅडम.”

लातूरला मी भौतिकशास्त्र शिकवलं आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की सुविधा केंद्रावर टेबल सांभाळलं. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, पहिली फेरी लागली की केंद्राबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि आत एकाच वेळी चार जण चार शंका विचारायचे. ही मंडळी त्या गर्दीतली.

मुलीला पुण्याच्या सीओईपीत इन्स्ट्रुमेंटेशन मिळालं होतं. वडिलांच्या मनात कम्प्युटर, तेही घरापासून फार लांब नको असं. “बेटरमेंट टाकून द्या,” ते म्हणाले, म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरची पसंती बघायची. मी स्क्रीनवर बघितलं तर ती पहिलीच पसंती. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्या त्या मुलासाठी संपतात. हे सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. “कॅफेवाल्यानं घोळ घातला म्हणायचा.” तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली.

“पप्पा, क्रम मी सांगितला होता. मला हेच पाहिजे होतं.”

वडील वळून तिच्याकडं बघतच राहिले. दोन वर्षं क्लासची फी भरली, रूमवर डबे पोचवले, पहाटे चारला फोन करून उठवलं. आणि लेकीला काय पाहिजे ते त्यांना कळलं माझ्या टेबलापाशी. “मग घरी का बोलली नाहीस?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, “तुम्ही कम्प्युटर कम्प्युटर म्हणत होता ना.”

आज तुमच्याशी बोलायचंय ते याच दिवसांबद्दल. यादी लागते, आणि जागा स्वीकारायची मुदत संपेपर्यंत हातात जेमतेम दोन-तीन दिवस उरतात. परीक्षेसाठी अख्खं घर दोन वर्षं राबतं. या दोन-तीन दिवसांची तयारी कुणाच्याच घरी नसते. मी इतकी वर्षं जे पाहिलं ते असं : या दिवसांत आई-वडील सल्ला फार देतात. आणि जी दोन कामं मुलांना करताच येत नाहीत, फक्त आपल्यालाच करता येतात, म्हणजे कागद पुरे करणं आणि पैशाचं खरं काय ते सांगणं, ती नेमकी राहून जातात.

पहिली संध्याकाळ फोनची असते. आत्या विचारते, मामा विचारतो, शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, “कुठं लागला नंबर?” आपल्याला धीर धरवत नाही. अलॉटमेंटच्या पत्राचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो, हौशी असलो तर स्टेटसलाही ठेवतो. कृपा करून हे करू नका. त्या पत्रावर मुलाचा अर्जक्रमांक असतो, नाव असतं, प्रवर्ग असतो. पासवर्ड कॅफेवाल्याकडं, ओटीपी बापाच्या मोबाइलवर आणि अर्जक्रमांक गावभर, असा कारभार मी पाहिला आहे. आधी पासवर्ड बदला, तो मुलाला स्वतःला पाठ असू द्या, आणि नोंदवलेला मोबाइल त्या दोन-तीन दिवसांत मुलाच्या हाताशी राहू द्या. एका घरी ओटीपी ज्या फोनवर जायचा तो फोन वडिलांबरोबर ट्रकमध्ये नागपूरच्या रस्त्याला लागला होता. रेंज येईपर्यंत माय-लेकरं स्क्रीनकडं बघत बसली.

फोनवर येणाऱ्या सल्ल्यांना एक वाक्य पुरतं : “अजून ठरवतोय, ठरलं की सांगतो.” काकूंना वाईट वाटेल. दोन दिवसांनी त्या विसरतील.

आता ते पत्र घेऊन बसा. मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही ऐका. कॉलेजचं नाव आणि शाखा सगळेच वाचतात. माझं बोट नेहमी सीट टाइपच्या ओळीवर जायचं. तिथं काही अक्षरं एकमेकांना चिकटून छापलेली असतात आणि बहुतेकांना ती संगणकाची भाषा वाटते. वर सांगितलेल्या मुलीच्या पत्रावर होतं ‘एलओबीसीएस’. एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मधला प्रवर्ग वाचता येतोच, आणि शेवटचा एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. तिथं एच असेल तर आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतली, ओ असेल तर हद्दीबाहेरच्यांसाठीची. जागा कोणत्या प्रकारात मिळाली त्यावर कोणते कागद लागणार ते ठरतं. टीएफडब्ल्यूएस लिहिलं असेल तर शिक्षण शुल्क माफ आहे. मात्र अशा जागेवर गेल्यावर पुढं कॉलेज किंवा शाखा बदलून मिळत नाही, हेही त्याच बैठकीत मुलाला कळलेलं बरं.

मग येतो फ्रीझ की बेटरमेंट हा प्रश्न. २०२५-२६ च्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही मिळाली तर पक्की, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं. जागा स्वीकारायची फी हजार रुपये. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, त्यामुळं गेल्या वर्षी भाचीच्या वेळी काय झालं त्यावर जाऊ नका. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा. ती कंटाळवाणी आहे, मलाही कंटाळा यायचा, पण प्रश्नाचं उत्तर तिथंच असतं.

एक गोष्ट मात्र दर वर्षी लोकांना उशिरा कळते. बेटरमेंट म्हणजे हातातलं ठेवून वरचं बघणं, एवढंच डोक्यात असतं. वरची एखादी पसंती मिळाली की हातातली जागा आपोआप जाते आणि ती मागून परत मिळत नाही. म्हणून बेटरमेंट टाकण्याआधी मिळालेल्या जागेच्या वरच्या सगळ्या ओळी मुलाबरोबर एकेक करून वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा, उद्या हे मिळालं तर आनंदानं जाशील का? एका मुलाला नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी कॉलेजात मेकॅनिकल मिळालं होतं, पोरगा खूश होता. कुणीतरी सांगितलं, एक फेरी थांब, बघ तरी. वरच्या ओळींत दुसऱ्या कुणाच्या तरी आग्रहानं भरलेलं एक लांबचं कॉलेज होतं. दुसऱ्या फेरीत नेमकं तेच मिळालं. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, “मॅडम, मागचं परत द्या.” मी काय देणार होते?

शाखा मोठी की कॉलेज मोठं, असं मला दर वर्षी शंभर जण विचारायचे. माझं मत विचाराल तर मी एकच गोष्ट बघते : मूल त्या शाखेचा पहिल्या वर्षाचा नाही, दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचून कंटाळतं की थांबतं. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं. शाखेची ओळख होते ती दुसऱ्या वर्षाच्या विषयांत. अभ्यासक्रम कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. तासभर लागतो वाचायला. ज्या घरात क्लासवर लाखभर रुपये खर्च झाले त्या घरात हा एक तास खर्च झालेला नसतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मी हे अशा आवाजात सांगतेय जणू माझ्या घरी सगळं शहाणपणानं झालं. तसं नाही. माझ्या मुलाला सांगलीला सिव्हिल मिळालं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तो धावत आला, मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. माझे हात कणकेचे. मी वाचलं आणि तोंडातून निघून गेलं, “कम्प्युटर नाही मिळालं?” तीनच शब्द. त्यानं मोबाइल खिशात टाकला, “नाही” म्हणाला आणि बाहेर गेला. तो सिव्हिलच शिकला, आज पुलांच्या कामावर आहे, धुळीनं माखून घरी येतो आणि जेवता जेवता गर्डरच्या गोष्टी सांगतो. हे तीन शब्द त्याला आठवत नसतील. मला ते कणकेच्या वासासकट आठवतात. दिवसभर इतरांच्या पोरांना धीर देऊन आलेली मी बाई, आणि घरी ही अक्कल.

म्हणून पहिलं वाक्य काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. “तुला कसं वाटतंय?” एवढं पुरतं. मग गप्प बसा. मुलं लगेच बोलत नाहीत. भांडी घासताना, गाडीवर मागं बसल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर बोलतात.

आता पैशाकडं वळू. इथं मला जरा जास्त वेळ द्या.

आपल्याकडं आई-वडिलांच्या तोंडी एक वाक्य असतं, “पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त अभ्यास कर.” माया आहे त्यात, मला कळतं. मीही म्हटलंय. पण या वाक्यानं मुलाला अंधारात ठेवून त्याच्या वतीनं निर्णय होतो, आणि पुढं कधीतरी दिवाळीला घरी आल्यावर त्याला चुलत भावाकडून कळतं की खालचं रान गहाण पडलंय. असं एक पोरगं दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आलं होतं. फी भरलेली होती. त्याला तिथं बसवेना. ज्या निर्णयाची किंमत त्याच्या घरानं मोजली तो निर्णय घेताना त्याला किंमत सांगितली गेली नव्हती.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आकडा सांगा. वहीचं एक पान घ्या. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर थांबू नका. त्याखाली वसतिगृह किंवा रूमचं भाडं लिहा, डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, येण्याजाण्याचं भाडं, आणि चारने गुणा. डिपॉझिट आणि लॅपटॉप चारने गुणू नका, ते एकदाच. मग दुसऱ्या बाजूला आपल्याकडं काय आहे ते लिहा. मुलाच्या हातानं लिहून घ्या. मुलं अशा वेळी शहाण्यासारखी वागतात, आपण समजतो त्याहून जास्त.

मुलगी असेल तर एक ओळ ठळक लिहा. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ही माफी कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला की ती गेली. हा मुद्दा टेबलावर फार महागात पडताना पाहिलाय. कॅपमध्ये बऱ्या कॉलेजात मिळालेली जागा सोडून, जवळच्या कॉलेजात मनासारखी शाखा मिळते म्हणून कोट्यातून प्रवेश घेतला जातो. चार वर्षांची माफी एका सहीत सोडून दिली हे नंतर लक्षात येतं. मुलगा असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून अर्धी फी मिळू शकते. या सगळ्याचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर मुलाला स्वतः भरावा लागतो, दर वर्षी भरावा लागतो, आणि त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. कॉलेज आपोआप भरत नाही.

कोट्याचा विषय निघालाच आहे तर, ‘डोनेशन’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. ठरलेल्या फीपलीकडं प्रवेशासाठी पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्या पैशाची पावती देत नाहीत तो पैसा देऊ नका. देणाराही त्या सौद्यात असतो, आणि मूल शेजारी उभं राहून बघत असतं.

शैक्षणिक कर्जाला लोक उगाच बिचकतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या हमी योजनेत तारण ठेवावं लागत नाही, आणि हप्ते सर्वसाधारणपणे शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. तोवर व्याज मात्र चढत असतं, हे मुलाला सांगा. जमत असेल तर शिकत असतानाच निदान व्याज भरत जा. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जावर वेगवेगळ्या बँकांत विचारणा करता येते. कर्जाची सही मुलाचीही असते, याचा काही पोरांवर फार चांगला परिणाम होतो असं मी पाहिलंय. सावकार, सोसायटी, सोनं या वाटेला जाण्याआधी बँकेत जाऊन एकदा नकार तरी ऐका, आणि नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा होकार येतो.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण यादी माहितीपुस्तिकेत आहेच. नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र काढलंय म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरची शेवटची तारीख वाचा. ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. थोरल्याच्या वेळचं धाकट्याला चालत नाही, आणि दर वर्षी कुणीतरी ते घेऊन येतंच. शाळा सोडल्याचा दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की लवकर हातात येत नाही, म्हणून त्याच्या दहा झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन आधी. मार्कशीट लॅमिनेट करू नका! चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा प्रकाश पडून अर्धे मार्क दिसत नाहीत, आणि मागचा शिक्का तर कायमचा गुदमरतो. नावातला फरक, म्हणजे आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि मार्कशीटवर ‘विठ्ठल’, हा आज घरात बसून पकडा. काउंटरवर पकडला की त्याच दिवशी अ‍ॅफिडेव्हिटची धावपळ.

प्रवेश घेऊन ठेवला आणि मागून दुसरीकडं चांगलं मिळालं, तर? अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आत प्रवेश रद्द केला तर एआयसीटीईच्या नियमानं हजार रुपयांपर्यंतचा प्रक्रिया खर्च कापून बाकी फी परत मिळायला हवी. बीए, बीएस्सीसारख्या प्रवेशांना यूजीसीचे टप्पे आहेत, आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीनं २०१८ लाच मनाई केली आहे. अर्ज तारखेनिशी द्या, पोच घ्या. तोंडी सांगून आलेल्या मुलाची फी कशी परत मिळते ते मी अजून पाहिलेलं नाही.

इतका वेळ नंबर लागलेल्यांबद्दल बोलले. यादीत नाव नसलेल्या मुलाच्या घराबद्दल कुणी बोलत नाही.

त्या घरात त्या रात्री कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो. आई वाढते, वडील बातम्या बघतात, मूल दोन घास खाऊन उठतं. कुणी रागावत नाही, आणि त्याला ते रागावण्यापेक्षा जड जातं. पहिल्या फेरीत नाव न येणं म्हणजे काहीच संपलेलं नसतं. बहुतेक वेळा ऑप्शन फॉर्म चुकीच्या समजुतीवर भरलेला असतो. पर्सेंटाइलला टक्के समजण्याची चूक अजूनही होते. शहाण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले शहाण्णव मार्क असं वाटून माणसं दहा मोठी कॉलेजं भरतात आणि थांबतात. शहाण्णव म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी शहाण्णव टक्के तुमच्याबरोबर किंवा मागं आहेत, आणि चार टक्के पुढं. सीईटीला काही लाख मुलं बसतात, त्याचे चार टक्के म्हणजे किती ते मनाशीच मोजा. मूल मागं पडलेलं नाही, फॉर्म आखूड पडलाय. दुसऱ्या फेरीआधी पसंती नव्यानं भरता येतात. मागच्या वर्षाचा कटऑफ समोर ठेवा आणि तीनशेपर्यंत पर्याय भरायची सोय आहे ती वापरा, खालच्या बाजूला जास्त भरा.

आणि शेवटपर्यंत नाहीच मिळालं तर? बारावी सायन्स झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश आहे. डिप्लोमा पुरा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. हिशेब केला तर सरळ गेलेल्या मुलापेक्षा एक वर्ष जास्त लागतं, आणि हाताला काम माहीत झालेलं असतं. बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्यांनाही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची वाट खुली आहे. काही मुलांना बीएस्सीच्या प्रयोगशाळेत इतकं रमायला होतं की ती त्या वाटेनं वळतच नाहीत. मी शिकवलेल्यांत अशी आहेत. वर्ष थांबून परत परीक्षा द्यायची असेल तर माझा एवढाच आग्रह असतो, की ही कल्पना मुलाची असावी. तुमची असेल तर ते वर्ष तुमचं होतं, अभ्यास मात्र त्याला करावा लागतो.

त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. प्रवचन नको, फक्त त्याच खोलीत असा. कॅरम काढा, टीव्हीवर मॅच लावा, अंगणात खाट टाकून पडा. जेवण तुटलं, झोप गेली, “माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं” असली भाषा ऐकू आली तर ती नाटकं म्हणून उडवून लावू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. मुलानंच फोन करायला हवा असं नाही, तुम्ही केला तरी चालतो. घाबरलेल्या आईनं आधी बोलून घेतलं की पुढचं सोपं होतं.

हो, त्या सीओईपीच्या मुलीचं सांगायचं राहिलं. वडील थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले ते पाण्याची बाटली घेऊन, आणि ती त्यांनी आधी लेकीला दिली. मग माझ्याकडं वळून विचारलं, “इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे नेमकं काय हो, मॅडम?” मी तोंड उघडलं, आणि जरा शहाणपणा सुचला म्हणून मिटलं. मुलीकडं बोट केलं. साखर कारखान्यात बॉयलरचं तापमान आणि दाब कसा कळतो इथपासून तिनं सुरुवात केली. वडील ऊसवाले, कारखाना त्यांना पाठ होता. रांग खोळंबली होती, तरी मी पाच मिनिटं त्यांना उठवलं नाही.

तिच्याकडं जात पडताळणीच्या अर्जाची फक्त पावती होती, प्रमाणपत्र यायचं होतं. प्रवर्गातून मिळालेली जागा, व्हॅलिडिटी म्हणजे हे पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर टिकत नाही. पुढचे कित्येक दिवस त्या वडिलांचे समितीच्या कचेरीत हेलपाटे घालण्यात गेले. कागद आला, पण अगदी काठावर. त्या दिवशी केंद्राबाहेर बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता, नुकताच अकरावी सायन्सला गेलेला. निघताना मी वडिलांना त्याच्याकडं बोट दाखवून सांगितलं तेच तुम्हालाही सांगते : व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. तुमच्या घरी कुणी अकरावीला असेल तर या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा.